सर्वपक्षीय एकमताची किंमत कोण मोजतो?

“आता पक्षभेद बाजूला ठेवून सर्वांनी एकत्र आले पाहिजे,” हे वाक्य ज्याच्या कानांवरून गेले नाही असा मनुष्य आपल्या तालुक्यात सापडावयाचा नाही. दुष्काळ पडला की ते ऐकू येते, पाण्याचा प्रश्न निघाला की ऐकू येते, एखादे आंदोलन पेटले की रोज ऐकू येते. मंत्री ते म्हणतात, विरोधी पक्षाचे पुढारी ते म्हणतात. आणि कालपर्यंत मंत्री असून आज विरोधी बाकांवर बसलेले गृहस्थ तर ते विशेष कळकळीने म्हणतात. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र एकच प्रश्न असतो : हे खरे बोलतात काय?

या प्रश्नाची दोन उत्तरे तयार मिळतात. चहाच्या हॉटेलात बसलेला मनुष्य म्हणतो, “सगळे एकाच माळेचे मणी, आतून सगळे सामील.” सभेत पुढच्या रांगेत बसणारा म्हणतो, “आमचे साहेब मनापासून बोलतात. लबाडी काय ती पलीकडच्यांची.” आम्हांस ही दोन्ही उत्तरे निरुपयोगी वाटतात. पहिल्या उत्तराने माणूस घरी बसतो आणि दुसऱ्याने तो फसतो.

आम्ही तीस वर्षे कामगार संघटनेत काढली आहेत. शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयात, कारखान्याच्या गेटवरील सभांत आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. तेथे आम्ही पहिली गोष्ट ही शिकलो की, मालकाचे मन चांगले की वाईट याचा निकाल लावण्यात कामगाराने वेळ घालवू नये. मन कोणाला दिसत नाही. करार दिसतो. त्यात रक्कम किती, ती कोणत्या तारखेपासून लागू, आणि न दिल्यास पुढे काय, हे वाचता येते. राजकीय पक्षांच्या ऐक्याच्या हाकेलाही हीच फूटपट्टी लावावी, एवढेच आम्हांस या लेखात सांगावयाचे आहे.

पक्ष मतभेदासाठीच असतो

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पक्षांनी भांडू नये, असे पुष्कळ सज्जनांस वाटते. पण पक्ष हा मुळात मतभेदासाठीच जन्माला येतो. शेतमालाला भाव किती द्यावा, कर कोणावर बसवावा, धरणाचे पाणी आधी कोणाला सोडावे, या प्रश्नांवर लोकांचे हितसंबंध एक नसतात. ते एक नसतात म्हणून पक्ष एक नसतात. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. गावात दोन दुकाने असली म्हणजे मापात मारण्याची सोय कमी होते, तसेच हे आहे.

म्हणून पक्ष जेव्हा आपण होऊन “भेद विसरा” असे म्हणतो, तेव्हा त्याला काही कारण असले पाहिजे. आमच्या पाहण्यात अशी तीन कारणे आली आहेत. एक, संकट इतके मोठे असते की एकट्याने ते उचलता येत नाही. दोन, वाटून घेण्यासारखे काही असते आणि भांडल्यास ते हातचे जाते. तीन, प्रश्न अवघड असतो, त्याचे उत्तर दिल्यास कोणीतरी दुखावणार असते, आणि ते दुखावणे एकट्याच्या नावावर पडू नये अशी इच्छा असते. पहिल्या कारणाने झालेले ऐक्य टिकाऊ काम करते, दुसऱ्याने झालेले स्वतःपुरते पाहते, आणि तिसऱ्याने झालेले ठरावापाशीच थांबते. आता उदाहरणे पाहू.

ज्यात देणारा कोणीच नसतो

सर्वांत सोपे एकमत ते, की ज्यात सगळे घेणारे असतात. ऑगस्ट २०१६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळात आमदारांच्या वेतनवाढीचे विधेयक चर्चेवाचून मंजूर झाले. एरवी ज्या सभागृहात तासन् तास गोंधळ चालतो तेथे त्या दिवशी काही अडले नाही. हे एकमत अगदी प्रामाणिक होते, याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही!

सहकारातही हेच दिसते. जिल्हा मध्यवर्ती बँक, साखर कारखाना किंवा बाजार समिती यांची निवडणूक आली की, विधानसभेला एकमेकांचे तोंड न पाहणारे पुढारी पुष्कळदा एका पॅनेलवर येतात. त्याला ‘सर्वपक्षीय पॅनेल’ असे भारदस्त नाव असते. निवडणुकीचा खर्च वाचतो, सहकारात राजकारण नको, असे त्याचे समर्थन केले जाते, आणि कधी कधी ते खरेही असते. पण सभासदाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. संचालक मंडळात सगळेच आपले झाले की, थकलेले कर्ज कोणाकडे आहे हे विचारणारा कोणी उरत नाही. विरोधक नाही म्हणजे हिशेब मागणारा नाही. येथे ऐक्य होते पुढाऱ्यांचे आणि त्याची किंमत सभासद मोजतो.

संकटातील ऐक्य

उलट, खऱ्या संकटात पक्ष एकत्र आल्याची उदाहरणेही आहेत, आणि ती मान्य न करणे अन्यायाचे होईल. मे १९४० मध्ये हिटलरच्या फौजा पश्चिम युरोपात घुसल्या तेव्हा इंग्लंडात चर्चिल यांनी मजूर पक्षाला बरोबर घेऊन सरकार बनवले. नुसती हाक दिली नाही, खुर्च्या दिल्या. मजूर पक्षाचे नेते ॲटली युद्धमंत्रिमंडळात आले. कामगार खाते अर्नेस्ट बेव्हिन यांच्याकडे गेले. हे बेव्हिन म्हणजे अकराव्या वर्षी शाळा सुटलेला मनुष्य आणि वाहतूक कामगारांच्या संघटनेचा सरचिटणीस. आम्हां कामगार कार्यकर्त्यांना त्या नावाचे अगत्य वाटते ते यामुळे. युद्धाचा भार उचलला तो दोन्ही पक्षांनी. जर्मनी शरण येताच, म्हणजे १९४५ साली, तेच पक्ष निवडणुकीत एकमेकांसमोर उभे राहिले आणि चर्चिल हरले. त्यांच्या ऐक्याला कोणी खोटे म्हटले नाही, कारण ते कशासाठी आणि कोठवर हे सर्वांना ठाऊक होते.

आपल्या घरचे उदाहरण संयुक्त महाराष्ट्र समितीचे. फेब्रुवारी १९५६ मध्ये समिती स्थापन झाली. समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, जनसंघ अशी एरवी एका पंगतीत न बसणारी मंडळी तीत आली. गोळीबारात शंभरांवर माणसे बळी पडली. १९५७ च्या निवडणुकीत समितीने पश्चिम महाराष्ट्रात आणि मुंबईत काँग्रेसला हादरा दिला. आपल्या मराठवाड्यात मात्र काँग्रेसचेच पारडे जड राहिले. १ मे १९६० रोजी राज्य मिळाले, आणि त्या सुमारासच समितीत फूट पडली. १९६२ च्या निवडणुकीत काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या.

काही लोक म्हणतात, समिती फुटली म्हणजे तिचे ऐक्य वरवरचे होते. आम्ही तसे म्हणणार नाही. जमीन, कारखाने, धर्म, परराष्ट्रनीती या बाबतींत आपण एक आहोत असे त्या पक्षांनी कधी म्हटलेच नव्हते. मागणी एक होती, तिच्यासाठी प्रत्येक पक्षाने आपले कार्यकर्ते तुरुंगात पाठवले, आणि मागणी पुरी झाल्यावर जो तो आपल्या वाटेने गेला. मर्यादित कामासाठी, किंमत मोजून केलेले ऐक्य हे प्रामाणिक ऐक्य होय. ते कायम टिकले पाहिजे अशी अट घालण्याचे कारण नाही.

ज्या एकमताला पैसा जोडला होता

आता मराठवाड्यातल्या प्रत्येक घराला ठाऊक असलेली गोष्ट सांगतो. १९७२ चा दुष्काळ. आम्ही तेव्हा आईच्या कडेवर होतो. आईने त्या वर्षी खडी फोडली, माती वाहिली आणि कामावर मिळणारी सुकडी आम्हांस भरवली. पाझर तलाव, नाला बांध, रस्ते ही कामे त्या वर्षी लाखो हातांनी उभी केली.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे काँग्रेसचे. काम मागणाऱ्याला काम देणे ही सरकारची जबाबदारी असावी, या कल्पनेचा पाठपुरावा त्यांनी केला, आणि १९७२ साली रोजगार हमी योजना राज्यभर आली. मोर्चे काढून, कामावर जाऊन, हजेरीपट तपासून ती रेटण्याचे काम मात्र पुष्कळसे विरोधी पक्षांनी केले : समाजवाद्यांनी, कम्युनिस्टांनी, शेतकरी कामगार पक्षाने. १९७७ साली या योजनेचा कायदा विधिमंडळाने एकमताने मंजूर केला. तेव्हा मुख्यमंत्री वसंतदादा पाटील होते. २६ जानेवारी १९७९ रोजी कायदा अमलात आला, तेव्हा दादांचे सरकार जाऊन शरद पवार यांचे पुलोद सरकार आले होते. म्हणजे एका सरकारने केलेला कायदा त्याला पाडून आलेल्या दुसऱ्या सरकारने लागू केला. असे आपल्याकडे वारंवार घडत नाही.

हे का घडले? कारण या एकमताच्या मागे रोख रक्कम होती. १९७५ साली व्यवसाय कर बसवण्यात आला. नोकरदार, व्यापारी, वकील, डॉक्टर यांनी तो भरावयाचा आणि तेवढीच रक्कम सरकारने आपल्या तिजोरीतून घालावयाची, असे ठरले. आजही आमच्या कारखान्यातील कामगाराच्या पगारपत्रकावर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, त्याचा उगम हा. कायद्यात मुदतही होती. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम द्यावयाचे, न दिल्यास दिवसाला निदान १ रुपया बेकारी भत्ता द्यावयाचा. रक्कम क्षुल्लक, पण चूक झाल्यास ती कोणाची हे ठरलेले. खोटे हजेरीपट झाले, मजुरी थकली, मुकादमांनी हात मारला, हे सर्व खरे. तथापि भांडावयास कायद्याचे कलम होते, आणि मजूर बाई तहसीलदारासमोर उभी राहून ते कलम सांगू शकत होती. पुढे २००५ साली केंद्राने देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, त्यामागे हा अनुभव होता.

सांगण्याचा मुद्दा हा की, शहरातल्या पगारदारावर कर बसवून खेड्यातल्या मजुराला काम देणे यात कोणीतरी नाराज होणार होते. ती नाराजी सर्व पक्षांनी मिळून पत्करली. म्हणून त्या एकमताला आम्ही खरे म्हणतो.

जुलैतले दोन ठराव

याच्या उलट दोन ठराव पाहा. दोन्ही एकमताने झालेले, दोन्ही जुलै महिन्यातले, आणि दोन्ही आपल्या मराठवाड्याचे.

पहिला २७ जुलै १९७८ चा. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे, असा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी एकमताने केला. मुंबईत हात वर झाले, आणि इकडे दंगल उसळली. दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. आम्ही तेव्हा दुसरीत होतो. आमच्या शेजारी बसणारा एक मुलगा त्या दिवाळीनंतर शाळेत आला नाही. त्याचे घरचे लोक गाव सोडून गेले होते. का गेले, हे आम्हांस पुष्कळ वर्षांनी कळले.

ज्या पक्षांचे आमदार सभागृहात एकमताने हात वर करतात त्यांचे तालुक्यातले, गावातले कार्यकर्ते त्या आठवड्यात कोठे होते, हा प्रश्न आजही विचारण्यासारखा आहे. सन्मान्य अपवाद होते. पण ठरावाच्या बाजूने गावोगाव उभे राहण्याचे काम कोणत्याही मोठ्या पक्षाने आपल्या शाखांना सांगितलेले दिसले नाही. १९७९ मध्ये नागपूरहून लाँग मार्च निघाला, सत्याग्रह झाले, माणसे तुरुंगात गेली. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. एकमताच्या ठरावापासून अंमलापर्यंत साडेपंधरा वर्षे लागली. ठराव सर्वांचा होता. म्हणून तो पार पाडण्याची जबाबदारी कोणाचीच झाली नाही.

दुसरा ठराव २६ जुलै १९८४ चा. त्याची पार्श्वभूमी अशी : १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भ-मराठवाड्याला न्याय्य वाट्याचे आश्वासन दिले होते, आणि १९५६ साली राज्यघटनेच्या ३७१ व्या कलमात विकास मंडळांची तरतूदही झाली. मंडळे मात्र झाली नाहीत. १९८३ साली अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. कोणत्या भागात किती कामे व्हावयास हवी होती आणि किती झाली, यातील तफावत म्हणजे ‘अनुशेष’. समितीने १९८४ साली तो सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा काढला; त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटींचा होता. त्यानंतर विधिमंडळाने एकमताने ठराव करून मंडळांची मागणी केली. मंडळे अस्तित्वात आली १ मे १९९४ रोजी, म्हणजे पावणेदहा वर्षांनी.

गोष्ट येथे संपत नाही. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. तेव्हा राज्यात महाविकास आघाडीचे सरकार होते आणि भारतीय जनता पक्ष विरोधात होता. मुदतवाढ द्या, असा विरोधकांनी आग्रह धरला. सरकार म्हणाले, आमचाही विरोध नाही. म्हणजे मंडळे सर्वांनाच हवी होती, तरी ती झाली नाहीत. त्याच काळात विधान परिषदेवर नेमावयाच्या बारा सदस्यांची सरकारने पाठवलेली नावे राज्यपालांकडे पडून होती. मार्च २०२१ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी सभागृहातच सांगितले की, बारा नावे जाहीर झाली की मंडळेही जाहीर करू. नावे रोखून धरणारे एका बाजूचे, मंडळे रोखून धरणारे दुसऱ्या बाजूचे. मधे अडकला तो आपला रस्ता, आपला तलाव, आपली शाळा. पुढे सत्ता बदलली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये नव्या मंत्रिमंडळाने मंडळांच्या पुनर्स्थापनेचा निर्णय घेतला; तोवर मंडळांवाचून दोन वर्षांहून अधिक काळ गेला होता.

दारातले उदाहरण

आता आपल्याच जिल्ह्यात या. अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीचे नाव १ सप्टेंबर २०२३ च्या लाठीमारानंतर देशभर गेले. मराठा आरक्षण असावे की नसावे, कोणत्या वाट्यातून असावे, हा या लेखाचा विषय नव्हे. आम्ही फक्त एकमताकडे पाहणार आहोत.

नोव्हेंबर २०१८ मध्ये विधिमंडळाने मराठा आरक्षणाचा कायदा एकमताने केला. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. कायदा करताना जे एक होते ते रद्द होताच एकमेकांकडे बोट दाखवू लागले : एक म्हणे कायदाच कच्चा केला, दुसरा म्हणे बाजूच नीट मांडली नाही. १ नोव्हेंबर २०२३ रोजी मुंबईत सर्वपक्षीय बैठक होऊन आरक्षणाच्या बाजूने ठराव झाला. २० फेब्रुवारी २०२४ रोजी एक दिवसाच्या अधिवेशनात १० टक्क्यांचा नवा कायदा पुन्हा एकमताने झाला, आणि त्यालाही न्यायालयात आव्हान दिले गेले. जूनमध्ये अंतरवालीजवळच्या वडीगोद्रीत ओबीसींच्या हक्कांसाठी उपोषण झाले. ९ जुलै २०२४ रोजी सरकारने पुन्हा सर्वपक्षीय बैठक बोलावली, तेव्हा विरोधक आलेच नाहीत. सरकार म्हणाले, तुम्हांला प्रश्न सोडवावयाचा नाही. विरोधक म्हणाले, कोणाशी काय बोललात ते आधी सभागृहात सांगा. लोकसभेची निवडणूक नुकतीच आटोपली होती आणि विधानसभेची तोंडावर होती, हे सांगण्याची गरज नाही.

बारकाईने पाहिले म्हणजे असे दिसते की, जेवढ्यावर दोन्ही समाजांतले कोणी रागावणार नाही तेवढ्याच शब्दांवर एकमत झाले. वाटा कोणाच्या ताटातून द्यावयाचा, हा खरा अवघड प्रश्न प्रत्येक ठरावाच्या बाहेर राहिला. त्याचे उत्तर दिल्यास मते जातील, ही भीती सर्व पक्षांना सारखीच होती. ते एकमत उत्तराचे नव्हते, उत्तर न देण्याचे होते. त्याची झळ लागली ती गावात. वर्षानुवर्षे एकमेकांच्या शेतात सावड करणारी माणसे एकमेकांशी बोलेनाशी झाली, हे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिले आहे.

आमची स्वतःची चूक

दुसऱ्यांना फूटपट्टी लावताना स्वतःला सूट देणे बरे नव्हे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. भंगार वितळवून सळया करणाऱ्या एका कारखान्यात तीन संघटना होत्या, तिन्ही वेगवेगळ्या झेंड्यांच्या. आमची संघटना ओसरू लागली होती. तेव्हा आम्ही पत्रक काढले : “झेंडे बाजूला ठेवा, कामगार म्हणून एक व्हा.” पत्रकाखाली नाव आमच्या संघटनेचे आणि पत्ता आमच्या कचेरीचा. गेटवर दुसऱ्या संघटनेतले एक वयस्कर भट्टीवाले आम्हांस म्हणाले, “भाऊ, एक व्हायचं म्हणता ते ठीक, पण मालकासमोर बसायला कोण कोण जाणार ते तर सांगा.” आम्ही उत्तर दिले की, सभासद आमचे जास्त आहेत तेव्हा पुढाकार आमचा राहील. ते हसले आणि आत गेले.

ती एकजूट दोन महिने टिकली. पगारवाढीचा करार वर्षभर लांबला. सर्वांत जास्त हाल झाले ते कंत्राटी कामगारांचे. त्यांची संघटना नव्हती, आणि आम्ही तिघांनीही त्यांना विचारले नव्हते. आम्ही खोटे बोललो होतो काय? नाही. कामगार एक व्हावेत असे आम्हांस मनापासून वाटत होते. पण त्यासाठी आपली एक खुर्चीही सोडावी असे वाटत नव्हते. पुढच्या कराराच्या वेळी आम्ही शहाणे झालो. तिन्ही संघटनांचे प्रतिनिधी सारखे, कंत्राटी कामगारांचे दोन, कोणी स्वतंत्र सही करावयाची नाही असे लेखी, आणि कंत्राटी कामगारांच्या किमान वेतनाची मागणी पहिल्या क्रमांकावर. या वेळी झेंडा कोणी सोडला नाही. मागणीपत्रावर सही मात्र सर्वांनी एकत्र केली.

तेव्हापासून पुढाऱ्यांची ऐक्याची भाषणे ऐकताना आम्हांस ते भट्टीवाले आठवतात. त्यांनी आमचे मन कसे आहे हे विचारले नव्हते. कोण बसणार, एवढेच विचारले होते.

चार प्रश्न

यावरून नागरिकांसाठी चार प्रश्न निघतात. सर्वपक्षीय बैठक, सर्वपक्षीय ठराव, सर्वपक्षीय मंच असे काही ऐकले की ते विचारावेत.

पहिला : या ऐक्यासाठी तुमचा पक्ष स्वतःचे काय सोडतो आहे? खुर्ची, श्रेय, की काही मते? काहीच सोडावयाचे नसेल तर ती हाक दुसऱ्याने सोडावे यासाठी आहे.

दुसरा : ठरावाला पैसा कोठला आणि तारीख कोणती? व्यवसाय कर आणि १५ दिवसांची मुदत यांनी रोजगार हमी उभी राहिली. तारीख नसलेले जुलैचे ठराव वर्षानुवर्षे रखडले.

तिसरा : काम न झाल्यास जबाब कोण देणार? “आम्ही सर्व” हे उत्तर समजू नये. नाव मागावे.

चौथा : मुंबईत जे मान्य केले ते तुमचा तालुक्यातला कार्यकर्ता गावात उभा राहून सांगणार आहे काय? १९७८ साली हा प्रश्न विचारला गेला असता, तर कदाचित आमच्या शेजारचा मुलगा शाळेत राहिला असता.

एक सावधगिरीची सूचनाही केली पाहिजे. “या प्रश्नात राजकारण आणू नका” ही हाक बहुधा सत्तेवर असलेल्याकडून येते, आणि तिचा अर्थ पुष्कळदा “आम्हांला प्रश्न विचारू नका” एवढाच असतो. विरोधी पक्षाने अशा वेळी प्रश्न विचारला तर त्याला लगेच ऐक्य मोडणारा म्हणू नये. तसेच केवळ सत्ताधाऱ्याने बोलावली म्हणून बैठकीला न जाणाऱ्या विरोधकालाही शाबासकी देऊ नये. जावे, प्रश्न विचारावेत, आणि जे मान्य असेल त्यावर सही करावी.

तेव्हा पक्ष प्रामाणिक असतात काय, या मूळ प्रश्नाला आमचे उत्तर असे : जेवढी किंमत ते स्वतः मोजतात तेवढे ते प्रामाणिक असतात, आणि आपण मागितल्याखेरीज किंमत कोणी आपण होऊन मोजत नाही. अंगारकीला जालन्याहून राजूरला पायी येणाऱ्या भाविकांच्या वाटेवर सर्व पक्षांचे स्वागतफलक लागतात, सर्वांचे हात जोडलेले असतात. त्याबद्दल आमची तक्रार नाही. फक्त त्या वाटेवरचा खड्डा कोणत्या तारखेला, कोणत्या पैशातून आणि कोणाच्या सहीने बुजणार आहे, हे त्या सर्वांना एकत्र बसवून एकदा विचारावे. उत्तर लिहून घ्यावे आणि पुढच्या अंगारकीला ते सोबत आणावे.